मक्याभोवतीचे दगड

मेघाचं लग्न देवपूरला झालं, ते साल दोन हजार तेवीस. लेक सासरी गेली आणि मंदाबाईच्या घरात ती आणि तिचा मुलगा निंबा अशी दोघंच उरली. नवरा आधीच गेलेला. निंबा धुळ्याच्या कारखान्यात कामाला होता. रोज मोटारसायकलनं जायचा आणि दिवस बुडाल्यावर परतायचा. त्याच्या गाडीचा आवाज ऐकल्याशिवाय मंदाबाई चुलीवर तवा ठेवत नसे.

त्या साली दिवाळीच्या आधी गावात पोलिसांचा कार्यक्रम झाला. हवालदारानं भोंग्यावरून सगळं समजावून सांगितलं. कुलूप लावून परगावी जाताना शेजाऱ्याला सांगून जा, फोनवर कुणी आकडा विचारला तर देऊ नका, सोनं घालून बाजारात मिरवू नका, डोक्यावर हेल्मेट घाला, डांबरी रस्त्यावर मका वाळत घालू नका. गावानं टाळ्या पिटल्या. या गावाला चांगलं ऐकायची भारी हौस. ऐकून झालं की पालथ्या घड्यावर पाणी.

सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या पिटल्या त्या पितांबर आबानं. हा मंदाबाईचा जेठ, म्हणजे थोरला दीर. गावातला वजनदार माणूस म्हणून त्याला एक हेल्मेट भेट मिळालं, फोटो निघाला. मग त्यानं माईक हातात घेऊन, माणसाचा जीव किती मोलाचा, यावर स्वतःच भाषण ठोकलं. घरी जाऊन हेल्मेटात कांद्याचं बी भरलं आणि ते खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉलीभर मका आणून रस्त्यावर पसरला. अर्धा रस्ता मक्याखाली, आणि गाड्यांनी तो तुडवू नये म्हणून कडेनं डोक्याएवढे काळे दगड. संध्याकाळी मका ताडपत्रीत गोळा व्हायचा. दगड तिथेच राहायचे. उद्या पुन्हा कोण वाहून आणणार?

कुणी काही बोललं की आबाचं उत्तर ठरलेलं.

"हाऊ रस्ता मना बापना वावरमातून गया."

बापानं जमीन दिली होती हे खरं. पण ती लोकांनी चालावं म्हणून दिली होती, लेकानं दगड मांडावेत म्हणून नाही, एवढं मंदाबाईला कळत होतं. आबाच्या तोंडावर मात्र ती बोलू शकत नव्हती. जेठाशी समोरासमोर बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. बोलायचं झालं तर पदर ओढायचा, तोंड फिरवायचं आणि तिसऱ्याला सांगायचं, त्यांना सांगा म्हणून. तीस वर्षं तिनं असंच भिंतींना आणि बैलांना सांगून काढली होती.

म्हणून ती बोलली नाही. अंधार पडायच्या आत जायची आणि एकेक दगड नालीत ढकलून यायची.

आबानं गावभर बोभाटा केला, माझे दगड चोरीला जातात. चोरीचं नाव निघाल्यावर गावाला हवालदाराचे शब्द आठवले. कॅमेरा लावा, असंही तो म्हणून गेला होता. सगळ्या उपदेशातलं नेमकं तेवढंच गावानं मनावर घेतलं. शाळेकडे नाही, बँकेकडे नाही, कॅमेरा लागला तो आबाच्या वावराजवळच्या खांबावर, दगडांकडे तोंड करून. तिसऱ्या दिवशी चोर सापडला.

सरपंच हिलाल नानानं मंदाबाईला पंचायतीच्या ओट्यावर बोलावलं. आबा आधीच येऊन बसला होता. नानानं मोबाइल पुढे केला.

"मंदा, हाई तूच शे ना?"

"मीच शे. फोटो चांगला उना."

बसलेले हसले. आबा हसला नाही. "चोर घरमाच निंघना," तो म्हणाला.

मंदाबाईनं पदर ओढला आणि ओट्याच्या खांबाकडे तोंड केलं. "नाना, तेस्ले सांगा, चोर चोरीनं घर भरस. मना घरमा एक बी दगड नही. बठ्ठा नालीमा शेतस, मोजी ल्या."

"नाली काय तिना बापनी शे?"

"तेस्ले सांगा, निंबा त्याच रस्तानं येस. अंधारमा काळा दगड दिसत नही."

"मंग निंबाले सांग, डोया उघडा ठेव," आबा म्हणाला.

नानानं न्याय केला. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, तसा मारुतीसमोर शब्द दे. मंदाबाईनं दिला. शहाण्या माणसांनी भरलेल्या ओट्यावर आणखी काय करणार? घरी येऊन तिनं निंबाला नाल्याकाठच्या कच्च्या रस्त्यानं यायला सांगितलं.

"आई, कंबर मोडस तठे."

"मोडू दे. डोकं तर राहीन."

पण रस्ता काही एकट्या निंबाचा नव्हता. दगडाला हात लावायचा नाही म्हणून ती रोज संध्याकाळी कडुनिंबाची मोठी फांदी तोडून दगडांच्या अलीकडे रोवायची आणि तिला लाल चिंधी बांधायची. बंद पडलेल्या ट्रकमागं ड्रायव्हर लावतात तशी.

तुळशीची लग्नं लागली आणि माणसांचीही सुरू झाली. आबा शिंदखेड्याला एका लग्नाला गेला. त्या संध्याकाळी मंदाबाईनं फांदी रोवली आणि ती घरी आली. तिकडे हिलाल नानानं मोबाइलवर पाहिलं, तर फांदी कॅमेऱ्याच्या आड येत होती आणि दगड नीट दिसत नव्हते. चोरी झाली तर कळणार कसं? त्यानं माणूस पाठवून फांदी काढून टाकली.

निंबा नाल्याकडून येऊन जेवायला बसला, तेवढ्यात ओरडा झाला. तो ताट सोडून धावला. आबा जेवून, तोंडात पान घालून, उघड्या डोक्यानं मोटारसायकलवर भरधाव आला होता आणि स्वतःच्याच दगडांवर आदळला होता. निंबानं त्याला कुणाच्या तरी जीपमध्ये घालून, मांडीवर धरून धुळ्याला नेलं. मागं राहिलेल्या लोकांनी शहाणपण केलं. पडलेल्या मोटारसायकलवर कुणी आदळू नये म्हणून तिच्याभोवती तेच दगड मांडले आणि घरी जाऊन झोपले. सकाळी मोटारसायकल उचलून नेली. दगड कुणी उचलले नाहीत.

मंदाबाई रस्त्यावर गेली. कॅमेऱ्यासमोर, उजेडात, तिनं सगळे दगड नालीत ढकलले. हिलाल नानाच्या मोबाइलवर ते दिसलंच असणार. त्यानं तिला बोलावलं नाही.

पितांबर आबा धुळ्याला पोचायच्या आधीच, निंबाच्या मांडीवर वारला. दोन हजार तेवीस, नोव्हेंबर महिन्याची अखेर.