पडद्यावर धुतलेल्या चादरी

शी! त्या वासाला दुसरा शब्दच नव्हता. आंबट, कुबट आणि मधूनच सुकलेल्या रक्ताचा. ताईने नाकाला रुमाल लावला आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पडदा हिरवागार! जणू कारखान्यात मोगराच फुललाय.

ताई धुलाई कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. इथे दवाखान्यांच्या चादरी यायच्या, आणि प्रत्येकीच्या काठात चिप शिवलेली. चादर मळक्या दाराने आत आली की पडद्यावर लाल, स्वच्छ दाराने बाहेर पडली की हिरवी. एक जरी लाल उरली, तरी चादरी नेणाऱ्या गाडीला फाटक उघडायचं नाही. ताई घरी या यंत्रणेचं असं कौतुक करायची, की कालच बाळंत झालेली वहिनी म्हणाली होती, “आता माझ्या बाळाआधी तिचंच बारसं कर!”

पण आज मोठं वॉशिंग मशीन सकाळपासून बंद होतं. मग चादरी हिरव्या होतायत कशा?

वासाचा माग काढत ती मागे गेली. मॅनेजर, ज्याला सगळे पाठीमागे बोका म्हणत, मळक्या चादरींची ढकलगाडी तशीच्या तशी स्वच्छ दारातून बाहेर ढकलत होता. दार टुकटुक करत एकेक चादर ‘धुतली’ म्हणून नोंदत होतं. पाण्याचा थेंब नाही! वरून बोकोबांनी सुगंधी फवारा मारला.

“साहेब, अहो, या धुतलेल्या नाहीत!”

“पडद्यावर काय दिसतंय?”

“पडदा गेला खड्ड्यात! हे पिवळे डाग बघा की!”

“मागच्या आठवड्यात मशीन बंद पडलं तेव्हाही हेच केलं. कोणी ओरडलं? इस्त्री मारली की सगळं खपतं. नोकरी हवी असेल तर जागेवर जाऊन बस.”

“कुठे चालल्यात या?”

“बाळंतिणींच्या वॉर्डात. रोजच्यासारख्या.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वहिनी त्याच वॉर्डात होती. तिने ढकलगाडी हिसकावली, इमारतीला वळसा घातला आणि धाडकन मळक्या दारातून आत घुसवली. पडदा लालभडक! बाहेर फाटक बंदच राहिलं.

“अगं पोरी, फाटक उघड की!” गाडीवाले काका हॉर्न वाजवत ओरडले.

“हिरवं कर आधी!” बोका फिस्कारला.

“करते ना. मशीन दुरुस्त झालं, या धुतल्या, की करते.” तिने सगळ्यात वरची चादर दोन बोटांनी उचलून त्याच्यापुढे धरली. “तोवर ही पांघरून बसा. तुमच्या मते धुतलेलीच आहे.”

साप दिसावा तसा बोका मागे उडाला. काका खो-खो हसले, पण वास पोचताच त्यांनीही नाक धरून गाडीची काच वर केली.

ताईला मात्र हसू येईना. मागच्या आठवड्यातही पडदा हिरवाच होता, त्या चादरी वॉर्डात पोचल्याही होत्या, आणि हिरवा पडदा बघून ती खुशाल चहा पीत बसली होती. तिला स्वतःचीच किळस आली. तिने वॉर्डात वहिनीजवळ बसलेल्या दादाला फोन लावला.

“दादा, काही विचारू नकोस. बाळाला आधी त्या चादरीवरून उचल!”