मधली आवृत्ती

राउटरच्या मागच्या बारीक भोकात तिने सुई खुपसली आणि पुढचे सगळे दिवे विझेपर्यंत तशीच दाबून धरली. मग एकेक दिवा पुन्हा लागला. नवऱ्याच्या कॉम्प्युटरवर राउटरच्या फर्मवेअरच्या, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमच्या, तीन आवृत्त्या होत्या, जुनी, मधली आणि हल्लीची. ती बदलली की तेच यंत्र वेगळं वागतं, एवढं तिला नवऱ्याच्या बडबडीतून कळलं होतं. सुट्टीच्या दिवशी तो त्यांची तुलना करत बसायचा. एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर, असं ती म्हणायची. आता ती स्वतःच तुलना करत होती, आणि तिला तिन्हींतली सगळ्यात वाईट हवी होती.

वरच्या मजल्यावर तिचा धाकटा दीर राहायचा. एकटा जीव. लॅपटॉपसमोर बसून मुलांना गणित शिकवायचा, तेही खालच्या नेटवर. काल संध्याकाळी तो दारापर्यंत आला होता. आत पाऊल टाकायचं त्याने वर्षभरापूर्वीच सोडलं होतं. परवा सकाळी एका मोठ्या शिकवणी वर्गाच्या लोकांपुढे धडा घेऊन दाखवायचा आहे, जमला तर कायमची नोकरी, तेवढा वेळ नेट नीट राहिलं तर बरं, असं तो उंबऱ्याकडे बघत म्हणाला.

"नेट काय माझ्या हातात आहे?" ती म्हणाली होती.

लाइनच तोडून टाकणं सोपं होतं. पण मग वहिनीने सूड घेतला असं चार लोक म्हणाले असते. नेट अधूनमधून गेलं तर कोण कुणाला काय म्हणणार?

वर्षभरापूर्वी, भर दुपारी, नवरा याच खोलीत जमिनीवर कोसळला होता. त्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. ते सोडवून जिना चढायचं तिच्याच्याने झालं नाही. तिने हाका मारल्या, वरचं दार बंद होतं. घरात मोबाइलची रेंज कधीच नसायची, फोन चालायचे ते वायफायवर. तिने दिराला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला लावला, तर तो पहिल्या रिंगला उचलून धावत आला. थोडं आधी आणायला हवं होतं, डॉक्टर म्हणाले.

दीर घरातच होता. फोन उशाशी होता, वाजलाच नाही, असं त्याने सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं. फोन पुढे करून दाखवलाही. त्यात तिच्या एकाही कॉलची नोंद नव्हती.

"पुसून टाकली असशील," ती म्हणाली. त्यानंतर त्याने कधी वाद घातला नाही, आणि तिने त्याचाही अर्थ लावून ठेवला. नणंदेने तो अर्थ गावभर केला. आजही दर फोनला ती विचारायची, अजून त्याच घरात राहतोय का गं तो, लाज कशी वाटत नाही, कानात काय बोळे होते का मेल्याच्या?

सूतगिरणीच्या तपासणी खोलीत तिने अर्धं आयुष्य धागे तोडण्यात घालवलं होतं. ताण वाढवत न्यायचा आणि धागा कुठे तुटतो ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एका तुकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. आज तिने रजा टाकली होती. दीर बाहेर गेल्यावर नवऱ्याचा फोन तिने जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, दिराच्या दाराच्या कुलपाशी नेऊन ठेवला. तो फोन तिने अजून बंद केला नव्हता. त्यावर एक चित्रफीत चालू ठेवली.

हल्लीची आवृत्ती तिला नको तितकी चांगली निघाली. वरच्या पायरीवरसुद्धा चित्रफीत एकदाही अडखळली नाही. जुनी सावकाश चालायची, पण म्हाताऱ्या बैलासारखी न थांबता. तिची निराशा झाली. मग तिने राउटरमध्ये मधली टाकली.

खालच्या खोलीत मधलीचा वेग पाहून ती चकितच झाली. वर जाऊन बघते तो चित्रफीत गोठलेली. वायफायची खूण मात्र पूर्ण भरलेली. थोड्या वेळाने चित्र आपोआप हललं, पुन्हा थांबलं. ती पायरीवर टेकली आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसली. उद्या त्या लोकांपुढे त्याचं तोंड असंच अर्धवट उघडं राहणार होतं. बिचारा खूण बघेल, ती भरलेलीच असेल. कुणाला दोष देणार?

खात्री म्हणून तिने आपल्या फोनवरून पायरीवरच्या फोनला कॉल लावला.

तिच्या कानात रिंग जाऊ लागली. समोरचा फोन गप्प होता. तिने तो उचलून बघितला, पडदा काळा. तिने तो उजळला. खूण भरलेली, कॉल नाही, नोंदही नाही. कानात रिंग चालूच होती.

हसू तिच्या चेहऱ्यावर थोडा वेळ तसंच राहिलं.

हल्लीची आवृत्ती घरात आली ती नवरा गेल्यानंतर. लाइन तिच्या नावावर करायला नेटवाला आला होता, तेव्हा त्याने ती राउटरमध्ये बसवून दिली होती. दादांनी ही कुठली जपून ठेवली होती, असं म्हणत हसलाही होता. त्याआधी चालत होती ती मधली.

ती खाली गेली. हल्लीची टाकली आणि कॉल लावला. वर फोन वाजला. जुनी टाकली, वाजला. मधली टाकली. वाज ना, असं ती त्या फोनला म्हणाली. तिने पुन्हा लावला, फोन दुसऱ्या पायरीवर ठेवून लावला, दाराच्या अगदी फटीशी ठेवून लावला. खालच्या पायऱ्यांवर तो वाजायचा. वर आणला की मुका व्हायचा.

दीर पिशवी घेऊन परतला तेव्हा ती फोन पदराआड धरून जिना उतरत होती. तो अंग चोरून बाजूला झाला. ती घरात निघून गेली. संध्याकाळी तिने हल्लीची आवृत्ती टाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशीही ती कामावर गेली नाही. ठरल्या वेळी वरून त्याचा आवाज येऊ लागला. अपूर्णांक शिकवत होता, एक भाकरी आणि तीन भांडखोर भावंडं घेऊन. ऐकणारं कुणीतरी हसलंही. धडा छान चालला होता.

ती हातात फोन घेऊन बसली होती. त्या दिवशी फोन वाजला नाही, हे आता नाकारता येत नव्हतं. पण वाजला असता तर तो आला असता, हे कुणी सांगितलं? दुपारची झोप मोडून, हातातलं सोडून? नसताच आला. ती त्याला ओळखत होती. आत्ता त्याच्या पोटापाण्याचं चाललं होतं, वहिनीचं नाव दिसलं की तो कॉल कापणार. एकदा कापला की झालं. मग सगळं होतं तसंच राहणार होतं.

तिने कॉल लावला.

वर फोन वाजला. अपूर्णांक मध्येच थांबले. खुर्ची धाडकन पडली, दार भिंतीवर आपटलं, आणि जिन्यावर अनवाणी पावलं दोन दोन पायऱ्या सोडत खाली आली. तो सरळ आत शिरला. गळ्यात हेडफोन, त्याची उपटलेली वायर गुडघ्याशी लोंबत होती.

"वहिनी, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

त्याने तिला खांद्याला धरून मागे टेकवलं, तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि दुकानदाराला फोन लावला. गाडी काढ म्हणाला, लगेच.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तू वर जा."

"बोलू नका तुम्ही. श्वास घ्या."

"अरे, वर जा. ते लोक थांबलेत."

"थांबू देत."

वरचं दार सताड उघडं होतं. एका बाईचा आवाज जिन्यावरून खाली येत होता, स्वच्छ, जराही न तुटता.

"सर? सर, तुम्ही दिसत नाही. तुमचं नेट गेलं का?"