शेपटीवरच्या तीन रेघा

अगं, आधी ऐक तर! मधे बोलू नकोस, माझी लिंक तुटते.

तर मी पिंजरा उघडला, आणि बघते तर काय, सात उंदीर आणि एकाच्याही कानाला भोक नाही! शेपटीवर नुसत्या निळ्या रेघा. एक, दोन, तीन... चक्क पेनाच्या!

आमच्या लॅबमध्ये पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की चिमट्यानं कानाला भोक पाडायचं. कुठल्या कानाला किती, त्यावरून त्याचा नंबर. हे काम पिंजरे सांभाळणाऱ्या मावशींचं. एकतीस वर्षं! उंदीरमावशी म्हटलं तरी हसायच्या. मला उंदीर धरायला त्यांनीच शिकवलं. "आधी हात चोळ पोरी. गार हात अंगाला लागलेला तुला तरी चालेल का?" अजून हात चोळल्याशिवाय मी पिंजऱ्याला शिवत नाही.

आता या उंदरांच्या पेशीपेशीत एका व्हायरसचा जीन घातलेला. आईबाप दोघंही जीनवाले, त्यामुळे एकही पिल्लू सुटत नाही. त्या जीननं कॅन्सर होतो, हे सरांना माहीत होतं. पण जीन अंगभर, मग गाठ एखाद्याच जागी का? तिथं सगळं घोडं अडलेलं.

"मावशी, हे काय?"

त्या पिंजरा पुसतच राहिल्या. "गाठी कुठं येतात बघितलंस? कानाला. मी भोक पाडते तिथंच. नाहीतर एकमेकांना चावतात तिथं. ही जात आल्यापासून गाठी मीच देतेय की गं त्यांना." मग हळूच म्हणाल्या, "म्हणून या सातांना टोचलंच नाही. शाई जाते, मग रोज गिरवते."

"आणि यांना गाठी?"

"एक तरी शोधून दाखव."

मी एकेकाला हातात घेतलं. नऊ महिन्यांचे झालेले, आणि कान कोऱ्या कागदासारखे. शेजारच्या पिंजऱ्यात त्यांचीच भावंडं, कानावर वाटाण्याएवढ्या गाठी घेऊन बसलेली.

मावशी अकरा दिवसांनी रिटायर होणार होत्या. "नियम मोडला म्हणून जाता जाता बोल नको लागायला. माझं नाव काढायचं नाही. शपथ आहे."

सरांना सांगितलं, शाई मी लावली. असा उद्धार केला माझा! मग त्या सातांचे कोरे कान बघितले. चष्मा काढला. "परत कर. नीट. निम्म्यांना टोच, निम्म्यांना नको."

दीड वर्ष लागलं. निघालं तेच! नुसता जीन पुरत नाही. जखम भरायला पेशी भराभर वाढायला लागतात ना, तेव्हा तो डाव साधतो.

रिसर्च पेपर छापून आला. पहिलं नाव माझं. तो घेऊन मी मावशींच्या घरी गेले. कागद घ्यायच्या आधी त्यांनी हात चोळले, अगं! नावांच्या ओळीवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. पान उलटलं, एका उंदराच्या फोटोवर थांबल्या.

"हा आपला तीन रेघांचा ना?"

नव्हता गं. तो कधीच गेलेला. मी म्हटलं, "हो मावशी, तोच."

"कान बघ कसा राखलाय," म्हणाल्या, आणि फोटोवरून हळूच बोट फिरवलं.

शपथ त्यांनीच घातली होती. पण ते बोट दोनदा फिरलं ना नावांवरून... तू असतीस तर काय केलं असतंस?