बेचाळीस जण पास

सुरतेजवळच्या पलसाण्यातल्या एका डाइंग मिलमध्ये संगणक आले ते १९९८ च्या उन्हाळ्यात. पाच संगणक एकमेकांना वायरने जोडलेले आणि त्यांवर कामगारांना शिकवायचा एक प्रोग्राम. रंग, रसायनं, बॉयलर, आग, प्रत्येकाचा वेगळा धडा होता, चित्रांसकट, हिंदी आवाजात. शेवटी पाच प्रश्न. ज्याला अक्षर येत नाही त्यानेही चित्राकडे बोट दाखवावं, बटण खोली सांभाळणाऱ्या वंदनाने दाबावं, अशी सोय.

वंदना नवऱ्याच्या बँकेच्या बदलीमुळे सुरतेला आली होती. संगणकाचा कोर्स केलेला, म्हणून ही शिकवायची खोली तिच्याकडे आली. तीनशे जणांची नावं तिनेच चढवली. प्रत्येकाला नंबर दिला, खातं ठरवलं. कोण शिकणार, कोण शिकवणार, कोणाला काय उघडता येणार, हे सगळं तिच्या हातात. सुपरवायझर शिकवू शकत, पण 'पास' हा शेरा फक्त ती भरू शके. माणूस समोर बसून पाच उत्तरं देईपर्यंत ती तो भरत नसे.

जुलैत मॅनेजर ठाकोरभाई खोलीत आले.

"वंदनाबेन, पंधरा दिवसांत कापड घेणारी बाहेरची पार्टी येते. ट्रेनिंगचे कागद बघणार. किती झाले?"

"एकशे दहा."

"आणि बाकीचे? तुम्ही एकट्या कुठे कुठे पुरणार? सुपरवायझरने हक आपी दो, त्यांना हक्क देऊन टाका. निकाल तेच भरतील."

"साहेब, ज्याने शिकवायचं त्यानेच पास करायचं, हे बरं नाही."

"बेन, माणसं आपलीच आहेत ना?" ते हसले. रागावले असते तर कदाचित ती अडून बसली असती. हसल्यावर तिला नाही म्हणवेना. दोन मिनिटांचं काम होतं, तिने ते केलं. 'पास'चं बटण सुपरवायझरांच्या पडद्यावरही दिसू लागलं. त्या आठवड्यात यादी भराभर पुढे सरकली. पार्टी आली, कागद बघून खूश होऊन गेली. वंदनाने यादी परत उघडून पाहिली नाही.

ऑगस्टच्या शेवटी हिलाल भाजला. खानदेशातल्या शिंदखेड्याकडचा, चौतिशीचा, अबोल माणूस. कॉस्टिक सोड्याच्या पिंपात पाणी ओतलं आणि पिंप उसळून तोंडावर आलं. उजवा डोळा गेला. डाव्याला नुसता उजेड कळे.

पंधरवड्याने त्याची बायको शोभाबाई शिकवायच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात मिलचं पत्र. वंदनाने वाचलं. 'प्रशिक्षित असूनही सदर कामगाराने निष्काळजीपणा केला.'

"बाई," शोभाबाई म्हणाली, "हाई मशीनमा त्या शिकनात असं लिखेल शे म्हने. त्या आठे कधी उनात?"

वंदनाला अहिराणी अर्धवट कळे, पण नवरा इथे शिकायला कधी आला होता असं ती विचारतेय, एवढं कळलं. तिने हिलालचा नंबर टाकला. रसायनांचा धडा, पास. शेरा भरणारा, सुपरवायझर योगेंद्र. मग तिने त्या दिवसाची सगळी नोंद उघडली. बेचाळीस जण, सगळे एकोणीस मिनिटांत पास. एकटा धडाच पाऊण तासाचा होता.

"सांगते," ती शोभाबाईला म्हणाली. "मी घरी येऊन सांगते."

रविवारी ती भेस्तानला त्यांच्या घरी गेली. चाळीतली एक खोली, खाटेवर डोळ्यांना पट्टी बांधून बसलेला हिलाल. तिचा आवाज ऐकून तो उठायला लागला, शोभाबाईने खांद्याला धरून बसवलं.

"मॅडम, एक विचारू का? त्या धड्यात काय होतं?"

"पाण्यात थोडा थोडा सोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही."

हिलालने तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मला चालता चालता कोणी सांगितलं असतं तरी ध्यानात राहिलं असतं," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच तिला सोसेना.

सोमवारी तिने बेचाळीस नावांची ती नोंद वेळेसकट छापली. दोन कागद झाले. तिसऱ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं की निकाल भरायचा हक्क सुपरवायझरांना मी दिला, मॅनेजरसाहेबांच्या सांगण्यावरून, आणि नंतर यादी तपासली नाही. अपघाताच्या चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यासमोर तिने तिन्ही कागद ठेवले.

ठाकोरभाईंचा चेहरा उतरला. "बेन, आमचं जाऊ द्या, तुम्ही तुमचं नाव कशाला घातलंत?"

"ते खरं आहे म्हणून," ती म्हणाली.

हिलालवरचा निष्काळजीपणाचा ठपका मागे घेतला गेला. डोळा काही परत आला नाही. योगेंद्रला कामावरून काढलं, ठाकोरभाईंना समज मिळाली. वंदनाचा पासवर्ड कागद दिल्यापासून तिसऱ्या दिवशी चालेना. तिला माल पाठवायच्या खात्यात बसवलं. पण जायच्या आधी तिने नव्या माणसाला शेजारी बसवून सुपरवायझरांचा तो हक्क काढायला लावला, आणि ते बेचाळीस जण पुन्हा 'बाकी'मध्ये टाकायला लावले. कार्तिकापर्यंत हिलाल सोडून एकेक जण येऊन धडा ऐकून गेला.

योगेंद्र तिला एकदा सुरतेत पर्वत पाटियाच्या बाजारात भेटला. भाजी घेत होता. तोही खानदेशातलाच, घरी दोन मुली. तिला वाटलं तो तोंड फिरवेल, पण तो जवळ आला.

"मॅडम, साहेबांनी सांगितलं, मी केलं. पण ते बटण मला आधी दिसतच नव्हतं. तुम्ही दाखवलंत."

"हो," वंदना म्हणाली. "दाखवलं."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "हिलाल कसा आहे?" त्याने विचारलं.

"डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात. थोडं दिसेल म्हणतात."

"मी जाऊ का त्याला भेटायला?"

"जा," ती म्हणाली, आणि त्याला चाळीचा पत्ता सांगितला.