आईचं माहेरचं नाव

अश्विनीचा नवरा पीटर नेदरलँड्सचा. पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायची त्याच्या घरची रीत. जामखेडला बारशाच्या दिवशी अश्विनीने आपल्या आईचं, भागिरथीचं, नाव जाहीर केलं, तेव्हा काका उखडले.

"जित्या माणसाचं नाव ठेवत न्हाईत. पोरीवर वरडायचं कसं?"

"वरडूच नका," अश्विनी म्हणाली.

पाळण्याशी बसलेली आई दिराकडे बघत बोलली, "भागिरथी तुमी लग्नात ठेवलं. माझ्या बापानं सगुणा ठेवलं हुतं."

ते नाव अश्विनीने फक्त मामाच्या तोंडून ऐकलं होतं. या घरात कुणी घेतलंच नव्हतं. काका पुन्हा तोंड उघडणार, तोच तिने वाकून लेकीच्या कानात आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सगुणा."

आईनं पाळण्याची दोरी ओढली.