मोकळे हात

"माजा लेक जिता हाय, बाय! सुनेच्या बांगड्या निघनार नाय!" राजाबाईनं ठणकावलं.

सुहासिनी सिस्टर दारातून हलली नाही. उल्हासनगरच्या त्या मुलांच्या इस्पितळात राजाबाईचा अपुऱ्या दिवसांचा नातू आजच काचेच्या पेटीतून बाहेर आला होता. आता आईनं त्याला अंगावर पाजायचं होतं. पण त्याच खोलीतली दोन पोरं बरी होता होता नव्याच तापानं फणफणली होती, आणि त्यातलं एक पहाटे गेलं. ताप माणसांच्या हातांवरून आत येतोय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेव्हापासून कोपरापर्यंत हात मोकळे करून, घासून धुतल्याशिवाय कुणालाच आत सोडत नव्हते. बाईंनी स्वतःचं घड्याळही काढून ठेवलं होतं.

सून रखमाच्या हातांत हिरवा चुडा गच्च बसला होता. बाळंतपणानं हात सुजलेले, साबण लावूनही एक बांगडी सरकेना. फोडायच्या म्हटलं, तर नवरा धडधाकट असताना पालेगावात तोंड कसं दाखवायचं? रखमा भिंतीला टेकून मुकाट रडत होती. दुधानं तिची चोळी भिजली होती.

"मग आजी, निदान तुम्ही चला," सिस्टर म्हणाली. "तुमचे हात मोकळेच आहेत."

राजाबाई चपापली. नवरा गेल्यापासून बारशाला, हळदीला हे भुंडे हात तिनं पदराखाली झाकले होते. कुणी ते आपणहून पुढे बोलावले ते आजच. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

हात धुऊन ती आत गेली. शेजारची खाट रिकामी होती. नातू मान हलवत, इवलंसं तोंड उघडत काहीतरी शोधत होता. राजाबाईनं बोटानं त्याचा गाल कुरवाळला, तसा तो बोटाकडेच वळला. हात मोकळे होते, पण दूध कुठून आणणार?

बाहेर येऊन तिनं रखमाला हाताला धरून नळापाशी नेलं. मनगटाभोवती फडकं गुंडाळलं आणि बांगड्यांवर मारायला जेवणाच्या डब्याचं झाकण उचललं. तिच्या स्वतःच्या बांगड्या बायकांनी फोडल्या तो दिवस तिला आठवला.

"वाढवल्या म्हनायचं. फोडल्या नाय," ती म्हणाली. "तिकडं बग."

रखमानं मान वळवली. काचा फडक्यातच राहिल्या.

संध्याकाळी तिचा लेक हिरामण अंबरनाथच्या कारखान्यातून तसाच धावत आला. काचेपलीकडे बायको बाळाला पाजत होती. तिची उघडी मनगटं दिसली आणि तो पांढराफटक पडला.

"बगतोस काय?" राजाबाई कडाडली. "जिता हायस ना? मंग अंगठी काढ नि हात धू!"