कढीपत्त्याचा चोर

रंगुबाईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, हे पाथर्डीकडच्या त्या अख्ख्या वस्तीला ठाऊक. तरी शेजारची केशरबाई ऊसतोडीला जाताना आपली गाभण शेळी तिच्याच दारात बांधून गेली. म्हणाली, "आक्का, चंद्रीला दोन झाली तर एक तुजं." रंगुबाईला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! चंद्रीला पाला घातल्याशिवाय ती स्वतः भाकरीला हात लावायची नाही.

पण तिचा दुसरा जीव होता अंगणातल्या कढीपत्त्यात. दुष्काळात भाजी धुतलेलं पाणी घालून जगवलेलं झाड ते. साऱ्या वस्तीच्या फोडण्या त्याच्यावर चालायच्या. दिवाळी सरली आणि ते कुणीतरी ओरबाडायला लागलं. रोज एक फांदी बोडकी. पानांवर तेवढी चिमण्यांची शीट दिसायची, मग रंगुबाई चिमण्यांच्या नावानं बोटं मोडायची.

एका दुपारी ती दळण घेऊन आली, तर खुंटी उपटून चंद्री त्याच झाडाखाली सावलीला उभी. झालं! दळण तिथंच आदळून बाईनं बाभळीचं दांडकं उचललं. पहिला फटका पाठीवर, दुसरा मानेवर. शेळी किंचाळली, दोरी पायात अडकून पडली, तरी हिचा हात थांबेना. "खा, आनखी खा," म्हणत तिनं पोटात लाथ घातली. मग आणखी एक. असल्या रागाला जाळायचं काय!

दिवस मावळायला चंद्रीनं रक्तात दोन पिल्लं टाकली. एक तपकिरी, एकाच्या कपाळावर पांढरा ठिपका. दोन्ही मेलेली. रंगुबाईनं ती बांधाला पुरली आणि मनाशी म्हणाली, चोरी केली, फळ भोगलं.

सकाळी कढीपत्त्याची अजून एक फांदी बोडकी. चंद्री तर खोपीत कोंडलेली. रंगुबाईनं एक पान ओढलं, तर ते बोटांत मऊ लागलं अन् वळवळलं. अळी! पानाच्याच रंगाची. तिनं डोक्यातून लाल शिंगं काढली आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटला. बाईनं डोळे फाडून पाहिलं. चिमण्यांची शीटही हळूहळू चालत होती. त्याही अळ्याच, लहानग्या.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं. बाई पिसाळली. एकेक अळी उपटून तिनं पायरीवर दगडानं ठेचली. हिरवं पाणी तोंडावर उडालं, दगड स्वतःच्या बोटावर बसला, नख फुटलं, तरी ठेचतच राहिली. मग रक्ताळल्या हातानं पाण्याची बादली घेऊन खोपीत गेली. तिला बघताच चंद्री दोरी ताणून भिंतीला चिकटली.

तेवढ्यात मोबाईल वाजला. केशरबाई होती, उसाच्या फडातून. मागं कोयत्यांचा आवाज येत होता.

"आक्का, व्याली का गं माजी चंद्री?"

बिबट्यावर ढकलायचं, हे रंगुबाईनं रात्रीच ठरवलं होतं. बिबट्याचं नाव घेतलं की हल्ली कुणी उलट विचारत नाही. पण चंद्री अजून भिंतीलाच चिकटून थरथरत होती.

"दोन हुती, केशर," ती म्हणाली. "माज्या लाथंनं मेली."